खोलीत अकराशे किलोमीटर

मी एक सायकल आहे. वाक्य साधं आहे, पण गेले पाच महिने ते उच्चारायची माझी हिंमत होत नव्हती. सायकल म्हणजे जी जाते ती, आणि मी कुठेही जात नव्हते. पुस्तकांच्या एका खोलीत, भिंतीकडे तोंड करून, मी उभी होते. मागचं चाक एका लोखंडी स्टँडमध्ये अडकवलेलं, पुढचं चाक लाकडी ठोकळ्यावर टेकवलेलं. हँडलवर पुस्तक ठेवायची फळी. सीटवर वाळत घातलेला टॉवेल. अशा वस्तूला सायकल म्हणायचं की फर्निचर, हे तुम्हीच ठरवा. मी ठरवायला गेले की रडू येतं, आणि लोखंडाला रडणं परवडत नाही. गंज चढतो.

हे सगळं मी वैतागून सांगते आहे, तेव्हा एखादा शब्द जास्त गेला तर सांभाळून घ्या. कदाचित माझंच चुकत असेल. एक वाक्य बोलायचं आणि लगेच त्याच्यावर शंका घ्यायची, ही खोड मला मालकांच्या सहवासाने लागली. मुळात मी अशी नव्हते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक भट्टी. तिथला कारागीर पोलादी नळ्या मापाने कापायचा आणि पितळ वितळवून त्यांची टोकं एकमेकांना जोडायचा. जिभेचा फटकळ, हाताचा मऊ. माझा सांगाडा पुरा झाल्यावर त्याने मला कानाशी धरलं, टिचकी मारली, आवाज ऐकला आणि रंगाऱ्याला म्हणाला, "हिला हिरवी कर. काळी केलीस तर उगाच शहाण्यासारखी दिसेल."

शहाणपणाशी माझी गाठ पुढे पडायचीच होती, पण त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

माझी पहिली मालकीण सुईण होती. पंचक्रोशीत सगळे तिला मावशी म्हणत. ती मला भिंतीला टेकवत नसे, आपटत असे. तिने मला कधी पुसलं नाही. चेनला तेल घालायची ते शिवणयंत्राचं, आणि तेही माझी कुरकुर शेजाऱ्यांना असह्य झाली की. कॅरिअरला तिची पिशवी बांधलेली असायची आणि पिशवीवर बहुधा कुणीतरी दिलेला कोबी. अशा अवस्थेत मी सतरा वर्षं धावले.

आणि कुठून धावले! थंडीत मावशीबरोबर शेतांमधून जाणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला कसं सांगू? पिकं कापून झालेली असतात, त्यामुळे जमीन लांबवर उघडी दिसते. उन्हाळ्यात ज्या घराचा पत्ता लागत नाही, ते थंडीत दोन कोसांवरून धुराच्या रेघेने स्वतःहून हाक मारतं. कालव्याच्या काठाने जाताना पाण्यावर वाफ तरंगत असते. दंव पडलेल्या गवतावर टायर गेलं की खालून कुडुमकुडुम आवाज येतो, जणू कुणी बिस्किटं खातंय. मावशीच्या तोंडातून वाफ निघायची आणि ती माझ्याशी बोलायची. म्हणजे शिव्या द्यायची, पण माझ्याशीच.

पुढे मावशीचे गुडघे गेले. मी तिच्या परसातल्या पत्र्याच्या खोलीत नऊ वर्षं पडून होते. कोंबड्यांनी माझ्या कॅरिअरवर संसार थाटला. मला त्यांचा राग नाही. मावशी गेल्यावर भंगारवाल्याच्या ढिगातून मला एका बाईंनी उचललं. त्यांचं सायकलींचं दुकान होतं. पंक्चर काढण्यापासून आऱ्या ओवून चाकं विणण्यापर्यंत सगळं त्या एकट्याने करत. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही त्यांना ताईच म्हणत. ताईंनी मला नवी चाकं, नवे गिअर, नवे ब्रेक दिले, हिरवा रंग मात्र तसाच ठेवला, आणि छताच्या आकड्याला टांगलं.

छताला टांगलेलं असताना ऐकायला छान येतं. तिथेच मी हिवाळ्याच्या सहलीबद्दल प्रथम ऐकलं.

थंडी ऐन भरात आली की दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. तेव्हा ताई दुकानाला कुलूप लावतात आणि पंधरा जणांना घेऊन सायकलीवर निघतात. तीन दिवस, दोनशे दहा किलोमीटर, सगळा रस्ता शेतांमधला. पहिला मुक्काम एका रिकाम्या शाळेत, दुसरा एका मेंढपाळाच्या कोठारात. नियम दोनच. पहिला, आधीच्या दोन रविवारी चाळीस किलोमीटरची चाचणी असते, त्यांतल्या एका तरी रविवारी यायचंच. जो आला नाही, त्याचं नाव यादीतून गेलं. दुसरा नियम ताईंचा लाडका. सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे.

"हळू माणूस मागे ठेवला की तो एकटा पडतो," ताई नव्या माणसांना समजावत. "धापा टाकतो, मनातल्या मनात आपल्याला शिव्या घालतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. पुढे ठेवला की सगळ्यांचा वेग आपोआप ठरतो. मागच्यांना गप्पा मारता येतात. मी शेवटी असते, पाने आणि पंप घेऊन."

हे ऐकून मला वाटलं होतं, मला कुणीतरी अशा माणसाने विकत घ्यावं जो या सहलीला जातो. देवाने ऐकलं, पण अर्धवट. मला अशा माणसाने घेतलं जो या सहलीला जाणार असतो.

हे माझे सध्याचे मालक. वय वर्षं त्र्याहत्तर. निवृत्त प्राध्यापक. छत्तीस वर्षं त्यांनी गतिशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी एक पूर्ण तास 'सायकल का पडत नाही' या विषयावर घेतला. त्याची बावीस पानी टिपणं त्यांच्या टेबलावर आजही आहेत. मी त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी ती मला जवळजवळ वाचूनच दाखवली. त्यांचा निष्कर्ष असा की सायकल न पडण्याची पाच-सहा कारणं आहेत, पण त्यांतलं एकही कारण एकट्याने पुरेसं नाही. हे लिहून झाल्यापासून त्यांचा सायकलवरचा विश्वास उडाला. "आणि तरी लोक बिनधास्त बसतात!" ते पत्नीला म्हणाले.

"त्यांनी तुमचं टिपण वाचलेलं नसतं," त्या म्हणाल्या.

सहलीचं निमंत्रण त्यांना पाच वर्षं येत होतं. देणारा त्यांचा शाळेपासूनचा मित्र, निवृत्त पोस्टमास्तर. पहिल्या वर्षी प्रोफेसरांना सर्दी होती. दुसऱ्या वर्षी होण्याची शक्यता होती. तिसऱ्या वर्षी एका परिषदेत निबंध वाचायचा होता, ती परिषद सहलीनंतर दीड महिन्याने होती. पुढचं मी सांगत नाही. या वर्षी मात्र उन्हाळा संपता संपता ते दुकानात आले, मला छतावरून उतरवायला लावलं आणि ताईंसमोर, पोस्टमास्तरांसमोर जाहीर केलं, "या हिवाळ्यात मी येणार. नाही जमलं तर ही सायकल मी परत आणून देईन आणि या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही."

त्यांनी असं म्हटलं आणि माझा जीव टांगणीला लागला. टांगणीची मला सवय होती, पण ही टांगणी वेगळी.

घरी गेल्या गेल्या रस्त्यावर काढतील म्हणून मी टायर फुगवून बसले होते. त्यांनी मला जिना चढवून पुस्तकांच्या खोलीत नेलं. "आधी तयारी," ते म्हणाले. आणि त्या लोखंडी स्टँडमध्ये माझं मागचं चाक अडकवलं.

तो स्टँड म्हणजे काय ते सांगते. मागचं चाक दोन्ही बाजूंनी पकडायचं आणि एका रोलरवर टेकवायचं. बसणाऱ्याने पायडल मारायचं, चाक जोरजोरात फिरायचं, आणि जायचं कुठेही नाही. पडायची सोय नाही. वळायची गरज नाही. थांबायचं असेल तर पाय थांबवायचे, बस. अशी सायकल त्यांना पहिल्यांदाच भेटली जी का पडत नाही, याचं कारण त्यांना पूर्णपणे ठाऊक होतं. ते भलतेच खूश झाले.

मग रोज सकाळी दीड तास. हँडलवरच्या फळीवर पुस्तक ठेवून ते पायडल मारत आणि वाचत. पुस्तकं कशाची? सायकलीवरून लांबच्या प्रवासाला जाण्याची. माझ्या अंगावर बसून ते दुसऱ्यांचे प्रवास वाचायचे! घामाचे थेंब माझ्या वरच्या नळीवर ठिबकायचे. मागचं टायर रोलरवर घासून गुळगुळीत होत चाललं होतं, आणि पुढच्याने पाच महिन्यांत एक इंच जमीन पाहिली नव्हती. एकाच शरीरात एक चाक म्हातारं आणि एक कोरं. याला काय म्हणावं?

एक दिवस पत्नी दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, कुठपर्यंत पोहोचलात?"

"अकराशे किलोमीटर झाले." त्यांनी वहीत बघून सांगितलं. आवाजात अभिमान होता.

"एवढे गेलात तर येताना भाजी आणायची होती."

ते हसले नाहीत. "तू थट्टा कर. दमसास तयार होतोय."

"पंधरा मिनिटं खाली गल्लीत चालवा ना. मी दारात उभी राहते."

"गल्लीत कुत्रा आहे."

"तो तेरा वर्षांचा आहे. त्याला दिसत नाही."

"म्हणूनच म्हणतो. त्याला मी दिसणार नाही."

त्या कपाळावर हात मारून निघून गेल्या. मला कपाळ नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

याच काळात त्यांनी एक यादी केली. निघण्याआधी तपासायच्या गोष्टींची. कितीही नावं ठेवली तरी यादी सुंदर होती, सत्तेचाळीस कलमांची. टायरमधली हवा. चेनचा ताण. सीटची उंची, मिलिमीटरमध्ये. सुट्या ट्यूब. पायमोज्यांचे जोड. औषधं. औषधांची दुसरी प्रत. ही यादी त्यांनी माझ्यावर बसून, पायडल मारत मारत, दर दिवशी एखादं कलम वाढवत तयार केली. हे लक्षात ठेवा. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे. अर्थात मी यंत्रशास्त्र शिकलेली नाही.

पहिला चाचणीचा रविवार आला. मालक पहाटे उठून तयार झाले. सत्तेचाळीस कलमं तपासली. मग खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, "दमट आहे." हातमोजा काढला. "दमट हवेत रस्ता निसरडा असतो." दुसरा हातमोजा काढला. मग मला स्टँडवरच चाळीस किलोमीटर चालवलं, म्हणजे चाचणी बुडाली असं होऊ नये म्हणून.

मी काय बोलू?

दुपारी पोस्टमास्तर आले. धिप्पाड माणूस, बोलणं ऐन चौकात उभं राहून बोलल्यासारखं. "प्रोफेसर, आज पंधरापैकी चौदा आले. पंधरावा कोण, ओळखा."

"हवा दमट होती हो."

"पुढच्या रविवारी शेवटची चाचणी. ताईने सांगितलंय, नियम म्हणजे नियम. मला वशिला चालवायला लावू नका, माझा वशिला चालत नाही. आणि हे काय, पुढच्या चाकाला पाट मांडलाय? जेवायला बसवलीत का हिला?"

मला तो माणूस फार आवडला.

दुसरा रविवार. थंडी कडक, हवा कोरडी, वारा नाही, आभाळ स्वच्छ. निमित्त म्हणून काही शिल्लकच नव्हतं. त्यांनी चारदा खिडकीतून हात काढून पाहिला. शेवटी पत्नींनी मला स्टँडमधून सोडवलं, जिना उतरवला आणि रस्त्यावर उभं केलं. "आता ही खाली आलीच आहे, तर जाऊन या," त्या म्हणाल्या.

पाच महिन्यांनी माझं पुढचं चाक जमिनीला लागलं. त्यावर एक पान लिहायचं होतं मला, पण वेळ कुठे मिळाला! मालक लटपटत बसले आणि अंगात आल्यासारखे हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवायला लागले. बावीस पानं लिहिलेला माणूस! तरी गल्ली पार केली. आंधळा कुत्रा झोपला होता.

दुकानापाशी बाकीचे जमले होते. मालक ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मला शेवटी राहू द्या. कुणाला अडथळा नको." ताई म्हणाल्या, "ठीक आहे सर, चाचणीपुरतं. माझ्या पुढे राहा." रांग निघाली. सगळ्यात पुढे पोस्टमास्तर होते. त्यात विशेष काही आहे, हे तेव्हा ना माझ्या लक्षात आलं, ना मालकांच्या.

चौदा किलोमीटर ठीक गेले. शहर संपलं, कालवा लागला, पाण्यावर वाफ होती. गवतावर दंव होतं. माझ्या आऱ्यांमधून गार वारा जात होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, चला, देर आये... जाऊ द्या, पण आलो ना. मालकसुद्धा एकदा म्हणाले, "वा."

मग उतार लागला.

उतार मोठा नव्हता. मावशीने मला त्यावरून एका हाताने, दुसऱ्या हातात कोबी धरून नेलं असतं. पण मालकांनी वेग वाढलेला पाहिला आणि उजवा ब्रेक दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. ब्रेकचा दांडा हँडलला चिकटला, पण मागच्या चाकाला कुणी हातही लावला नाही.

तीन महिन्यांपूर्वी स्टँडवर मागच्या ब्रेकचं रबर रिमला हलकं घासत होतं. वाचताना चिर्र चिर्र आवाज व्हायचा. म्हणून त्यांनी ब्रेकची केबल सोडवून ठेवली होती. आणि सत्तेचाळीस कलमांत ब्रेकचं कलम नव्हतं, कारण यादी स्टँडवर बसून झाली होती आणि स्टँडवर ब्रेक कधी लागतच नाही. पायमोज्यांचे जोड मात्र बरोबर होते.

"सर, डावा दाबा! डावा!" मागून ताई ओरडल्या.

डावा म्हणजे पुढचा ब्रेक. तो एकदम ठीक होता. पण पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पलीकडे उडतो, हे मालकांनी छत्तीस वर्षं फळ्यावर बाण काढून सिद्ध केलं होतं. ते स्वतःच्या शिकवण्याविरुद्ध कसे जाणार? ते डाव्या दांड्याला बोटही लावेनात. आम्ही पंधराव्यावरून चौदावे झालो. मग दहावे. "माफ करा," ते प्रत्येकाला म्हणत होते. "माफ करा. माफ करा हं." अशी माफी मागत मागत पंधरातला शेवटचा माणूस सगळ्यांना ओलांडून गेला. शेवटी पोस्टमास्तरही मागे पडले. "अरे प्रोफेसर! चाललात कुठे?" ते ओरडले.

पुढे कालव्यावरचा पूल आणि तिथे काटकोनात वळण. आता वळण येणार, पाणी येणार, मी जाणार. आणि त्या क्षणी मालकांनी डोळे मिटून, अगदी हळूच, डावा ब्रेक दाबला.

कुणी उडालं नाही. माझा वेग उतरला, आणखी उतरला, आणि वळणाच्या चार हात आधी, रस्त्याच्या कडेच्या गवतावर, मी शहाण्या मुलीसारखी थांबले. इतकं नीट थांबणं मावशीलाही कधी जमलं नव्हतं. मी कौतुकाची वाट पाहत होते.

मालकांनी डोळे उघडले. आम्ही थांबलेलो पाहिलं. पाय थांबवले. सुटकेचा श्वास सोडला. आणि तसेच बसून राहिले.

पाय खाली टेकवला नाही हो! स्टँडवर कधी टेकवावाच लागला नव्हता. अकराशे किलोमीटरमध्ये एकदाही नाही. एक क्षण आम्ही दोघं सरळ उभे होतो, अगदी टिपणातल्या आकृतीसारखे. मग सावकाश, झाड पडतं तसे, डावीकडे आडवे झालो.

ताईंसकट पंधरा सायकली येऊन थांबल्या. कुणी हसलं नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. निदान मालक हलेपर्यंत तरी कुणी हसलं नाही. हातमोजा फाटला होता, गुडघा खरचटला होता, बाकी सगळं शाबूत.

ताईंनी मला उचललं, मागचा ब्रेक पाहिला. "ही केबल कुणी सोडवली?"

मालक गवतावर बसूनच म्हणाले, "मीच." मग म्हणाले, "ताई, माझं नाव खोडा. हे माझं काम नाही. मला वाटतं ते मला आधीपासून ठाऊक होतं."

ताईंनी केबल जोडली. मोजायला घेतलं तर तीन सेकंद लागले असतील. "नाव खोडायचं की नाही ते चाचणी संपल्यावर. अजून सव्वीस किलोमीटर आहेत. आता पुढे व्हा. सगळ्यात पुढे."

"मी सगळ्यांना अडवीन."

"अडवा की," पोस्टमास्तर म्हणाले. "आम्हाला कुठे टपाल वाटायचंय?"

तेव्हा सगळे हसले. मालकही हसले असावेत, कारण माझं हँडल हललं.

सव्वीस किलोमीटर मालक पुढे होते. दर दोन मिनिटांनी ते मागे वळून विचारत, "फार हळू नाही ना? जमतंय ना?" आणि वळले की मी रस्ता सोडायला निघत असे. शेवटी पोस्टमास्तरांचा स्फोट झाला. "प्रोफेसर, पुढे बघा! मागे आम्ही आहोत, कुठे पळून जात नाही!" त्यानंतर ते पुढे बघू लागले. मेंढ्या दिसल्या. लांबवर एका घराचा धूर दिसला. पायडल मारता मारता एक माणूस शीळ घालायला लागला, आणि तो माझ्याच अंगावर बसलेला आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मालक प्राध्यापक आहेत. घरी येऊन ते टेबलाशी बसले आणि चार पानी पत्र लिहिलं. ताईंच्या नावाने. आपल्यामुळे ताशी तीन किलोमीटरने सगळ्यांचा वेग कमी होतो, तीन दिवसांत एकूण साडेचार तास वाया जातात, चौदा जणांचे मिळून त्रेसष्ट तास होतात, सबब आपण माघार घेत आहोत, आणि सायकल दुकानात पोहोचती करत आहोत. गणित बिनचूक होतं. मला खात्री आहे, ते त्यांनी तीनदा तपासलं होतं. ब्रेक एकदाही तपासला नव्हता, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर गुडघ्याची चौकशी करायला आले. मालकांनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. "दुकानावरून जाल तेव्हा ताईला द्या."

पोस्टमास्तरांनी पाकीट उजेडात धरलं. वजन केल्यासारखं तळहातावर तोललं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. "चार पानं आहेत. एवढं लांब पत्र माणूस फक्त नाही म्हणायला लिहितो." पाकीट त्यांनी परत टेबलावर ठेवलं. "हे टपाल मी स्वीकारत नाही."

"मी सगळ्यांत हळू आहे हो. मला लाज वाटते."

"तुम्ही हळू आहात म्हणूनच यायचं." पोस्टमास्तर खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चौकातून घरात आला. "प्रोफेसर, गेली सहा वर्षं सगळ्यात पुढे कोण असतं?"

मालक बोटांवर वर्षं मोजायला लागले.

"मी. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून मी. सहा वर्षं माझ्यापुढे नुसता रस्ता. मागे सगळे गप्पा मारतात, हसतात, आणि मी विचारायचं, काय झालं, काय झालं? कुणी सांगत नाही, वाऱ्यात ऐकू येत नाही. काल पहिल्यांदा मी मधे होतो. रांगेतल्या दंतवैद्यांनी त्यांच्या सासूची गोष्ट सांगितली, शेवटपर्यंत ऐकली. सहा वर्षांत पहिल्यांदा शेवटपर्यंत! आणि आता तुम्ही राजीनामा देताय? म्हणजे मी परत पुढे?"

मालकांच्या पत्नी दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. मालकांनी पाकिटाकडे पाहिलं. हे त्यांच्या त्रेसष्ट तासांच्या गणितात धरलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"पाच वर्षं तुम्ही सर्दीत होतात."

मग मालकांनी पाकीट उचललं, मधोमध फाडलं, तुकडे पुन्हा एकमेकांवर ठेवून नीट जुळवले आणि मग पुन्हा फाडले. एवढं झाल्यावर त्यांनी चहा घेतला.

उद्या सकाळी सात वाजता निघायचं आहे. स्टँड माडीवरच राहिला. मी खाली, दाराजवळ आहे, मागे नवं टायर, कॅरिअरवर पिशव्या. मालक दुपारपासून पाना घेऊन तीनदा माझ्याकडे आले. तिसऱ्यांदा पत्नींनी पाना काढून घेतला. "तिला आता हात लावू नका. ती तयार आहे. तुम्ही तयार व्हा," त्या म्हणाल्या. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण पडण्याबद्दल या घरात सध्या बोलत नाहीत. मघाशी मालकांनी पोस्टमास्तरांना फोन करून सांगितलं की उद्या वारा समोरून आहे. पलीकडून मोठ्याने उत्तर आलं, "मग तुमच्या मागे आम्हाला आडोसा!" मालकांनी यावर वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, बहुधा.

आता माझी एक विनंती. हात जोडून म्हणाले असते, पण मला हात नाहीत. उद्या-परवा तुम्ही शेतांमधल्या एखाद्या रस्त्याने गाडीतून जात असाल, आणि समोर सोळा सायकली मुंगीच्या पावलांनी रांगेत चाललेल्या दिसल्या, तर तुमचा जीव मेटाकुटीला येईल. मला मान्य आहे. माझाही आलेला आहे, पाच महिने. तरी कृपा करून हॉर्न वाजवू नका. सगळ्यात पुढे हिरव्या सायकलीवर जे गृहस्थ आहेत ते दचकतील, कडेला घेतील, उतरतील आणि तुमच्यापाशी येऊन सविस्तर माफी मागतील. आणि मला आता थांबायचं नाही.